म्हातारीचा अर्ज

गुरुवारी पिंपरीचे कारखाने बंद असत. पुण्यात शाळा-कचेऱ्या भरलेल्या असताना इकडे न्हाव्याच्या दुकानात आणि भाजीवाल्यांपाशी इतर गावांतल्या रविवारसारखी वर्दळ असे. प्रभाकर ओगले मात्र सुट्टीच्या दिवशीही पाच वाजून दहा मिनिटांनीच उठे, कारण संत तुकाराम नगरातल्या त्याच्या इमारतीला पाणी साडेपाचला येई आणि सव्वासहाला जाई. सन १९७८ च्या सप्टेंबरातल्या त्या गुरुवारीही त्याने आधी मोरीतलं पिंप भरलं, मग रबरी नळी ओढून स्वयंपाकघरातले दोन हंडे आणि पिण्याची घागर भरली. तोवर पद्माने पिन मारून स्टोव्ह पेटवला होता. दुधाचं कार्ड आणि दोन रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून तो केंद्रावर गेला, रांगेत सातवा उभा राहिला आणि सहा वाजून पाच मिनिटांनी परत आला. पद्माने बाटलीचं चंदेरी झाकण अंगठ्याने दाबून काढलं, चहा केला. दोघांनी तो खिडकीपाशी बसून घेतला. एरवी यानंतर प्रभाकर अर्धा तास वर्तमानपत्र वाची आणि मग सायकलला तेल घाली. आज त्याने वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडली नाही. तो दोनदा गॅलरीत जाऊन आला, तिसऱ्यांदा निघाला तेव्हा पद्मा म्हणाली, "वाचनालय साडेआठला उघडतं. कुसुमताई तुमच्यासाठी लवकर येणार नाहीत."

हा अस्वस्थपणा आठवडाभराचा होता, आणि त्याच्या मुळाशी एक कादंबरी होती.

‘ढगांची मामलेदारी’ ही विनोदी अद्भुत कादंबरी प्रभाकरने कॉलेजात असताना प्रथम वाचली. तालुका कचेरीतला केरोपंत नावाचा कारकून शिक्का चुकल्यामुळे बदली होऊन थेट आकाशात जातो, आणि तिथेही पाऊस अर्ज, टपाल आणि स्टँपाशिवाय पडत नाही असं त्याला आढळतं, अशी ती कथा. वारा रोजंदारीवर, वीज संपावर, निम्मे ढग हक्काच्या रजेवर. पुढे प्रभाकर हमरस्त्यावरच्या एका कंपनीत तपासनीस म्हणून लागला, तेव्हा ट्रंकेतून हे पुस्तक त्याच्याबरोबर आलं. मशीन शॉपमध्ये जेवणाची सुट्टी अकरा ते साडेअकरा. माणसं गोल करून डबे उघडत आणि एकजण काहीतरी वाचून दाखवी. सन पासष्टमध्ये हे काम प्रभाकरकडे आलं आणि त्याच्याकडेच राहिलं. कामगारांच्या शिफ्ट महिन्याने बदलत, तपासनीस मात्र कायम पहिल्या शिफ्टला, त्यामुळे आळीपाळीने सगळ्या शॉपने त्याच्या तोंडून ती कादंबरी ऐकली. एकाहत्तरमध्ये त्याच्या मेहुण्याने पुस्तक नेलं ते परत आलंच नाही, पण कुणाचं अडलं नाही. प्रभाकरला प्रकरणंच्या प्रकरणं पाठ होती. कुणी म्हणे, बेडकाचा अर्ज होऊ द्या, कुणी म्हणे, विजेचा संप. आणि पावसाळ्यात हमखास मागणी असे ती म्हातारीच्या अर्जाची.

हा अर्ज सगळ्यांना तोंडपाठ होता. एक म्हातारी केरोपंताला लिहिते, माझ्या तीन एकरांवर आता पत्र्याचं छप्पर झालं आहे; पाऊस पडतो, पण मातीला लागत नाही, पन्हळीतून गटारात जातो; तरी माझ्या वाट्याचा पाऊस मला परत मिळावा. अर्जावर स्टँप नसतो. केरोपंत तो तरीही दाखल करून घेतो आणि शेरा मारतो, ‘अर्जदार जिथे राहते तिथे, दारात, नेऊन द्यावा.’ इथे पोचल्यावर डब्याशी खेळणारे हात थांबत. दत्तोबा नावाचा मदतनीस तर त्यानंतर बराच वेळ कुणाशी बोलत नसे.

मागच्या आठवड्यात या कादंबरीचा चित्रपट चिंचवडच्या थिएटरात लागला. बुधवारी संध्याकाळी सहाच्या खेळाला अर्धं शॉप गेलं. कापसाच्या ढगांवर दोन नाच झाले, केरोपंताला एक प्रेयसी मिळाली. गोबऱ्या गालांचा, सदा हसरा नट केरोपंत झाला होता आणि तो येता-जाता गोरगरिबांचे डोळे पुसत होता. म्हातारीचा अर्ज मात्र त्यात नव्हताच. प्रभाकर रात्रभर कूस बदलत राहिला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळेच चिडलेले होते, आणि त्या गलक्यात सुरेंद्र बोलला.

सुरेंद्र तिशीला आलेला, उदगीरकडचा, प्लॅनिंगमधला कारकून. बदलून येऊन त्याला चारच महिने झाले होते. तो म्हणाला की अर्ज पिक्चरमध्ये नाही कारण तो पुस्तकातच नाही. त्याने पुस्तक दोनदा वाचलं आहे, हवं तर उद्या आणून दाखवतो.  नव्या आवृत्त्यांत प्रकाशक काटछाट करतात, असं प्रभाकरने आधी सांगितलं. सुरेंद्रने ते मानलं नाही, तेव्हा प्रभाकर सगळ्यांदेखत म्हणाला, "सिनेमाचं तिकीट काढलं म्हणजे कुणी वाचक होत नाही, सुरेंद्र. आधी वाचायला शिका, मग आणून दाखवा."

हशा झाला. लेथवरच्या श्यामने तिथल्या तिथे बारसं केलं, "प्लॅनिंगसाहेब अंगठेबहाद्दर!" दुसऱ्या दिवसापासून सुरेंद्र नगांची संख्या विचारायला शॉपमध्ये आला की कुणीतरी अंगठा वर करी, कुणीतरी पाटी-पेन्सिल हवी का विचारी. त्याने पुस्तक काही दाखवलं नाही. तो स्टोअरच्या वजनकाट्यापलीकडे एकटा जेवू लागला. प्रभाकरने ते पाहिलं होतं, आणि आपोआप निवेल असं स्वतःला सांगितलं होतं.

त्या उत्साहातच पत्र लिहिलं गेलं. चित्रपटाने कादंबरीचं काळीज कापून टाकलं आहे, लेखकाने जाहीर निषेध करावा, अशी विनंती थेट लेखकालाच करायची. मजकूर प्रभाकरचा, खाली बासष्ट सह्या. दत्तोबाने साक्षरता वर्गात शिकलेली आपली सही पाच मिनिटं घेऊन केली होती. पत्र शुक्रवारी टपालात पडायचं होतं. बुधवारी रात्री पद्माने ते वाचलं आणि एवढंच सुचवलं की अर्जाचा पान नंबर घालावा. "गेज लावल्याशिवाय तुम्ही जॉब पास करत नाही म्हणता. मग हेही मोजूनच पाठवा."

साडेआठला कुसुमताईंनी वाचनालयाचं दार उघडलं तेव्हा प्रभाकर पायरीवर उभा होता. सिनेमा आल्यापासून या पुस्तकासाठी एकवीस जणांनी नंबर लावले आहेत, संध्याकाळी सहाला परत पाहिजे, असं त्यांनी बजावलं. प्रत जुनी होती. त्याच्या हरवलेल्या प्रतीसारखाच निळा कापडी पुठ्ठा, तीच पहिली आवृत्ती.

तो गॅलरीत बसला. पान नंबर तेवढा शोधायचा असं ठरवूनही त्याने पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि पहिल्याच पानावर तो गोबऱ्या गालांचा नट येऊन उभा राहिला. केरोपंत तपकीर ओढी तिथे नट हसला. केरोपंत खेकसला तिथेही हसला. प्रभाकरने पुस्तक मिटलं, फेऱ्या मारल्या, पुन्हा उघडलं. चाळिसाव्या पानाच्या सुमारास, वाऱ्याच्या हजेरीपटावर सही करताना तो हजेरीपटच उडून जातो तिथे त्याला मोठ्याने हसू आलं, आणि नट निघून गेला. आता छापील केरोपंत एकटा समोर आला. हा माणूस त्याला वाटत होता तसा नव्हता. तो नियमाचा पक्का होता, थोडा भित्रा, कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्याने न हलणारा; विनोद होता तो त्याच्या या न हलण्यातच. स्टँप नसलेला अर्ज त्याने कुठेही घेतला नव्हता. प्रभाकर वाचत गेला तसा त्याचा वेग वाढला आणि मजा कमी झाली.

अर्जांचं प्रकरण एकशे बाराव्या पानावर होतं. बेडकाचा अर्ज. मग कुंभाराचा अर्ज, मला पाऊस नको म्हणून. मग मुंडावळ्या भिजलेल्या नवरदेवाचा. प्रकरण संपलं.

त्याने पानांचे आकडे तपासले. सलग होते. शिवण पाहिली, कुठे पान फाडल्याची कड नव्हती. पुढची सगळी प्रकरणं त्याने ओळीवर बोट ठेवून, नोकरीत ड्रॉइंग तपासतो तशी पाहिली. बारा वाजले. पद्मा दोनदा जेवायला बोलावून गेली. पुस्तकात म्हातारी नव्हती.

मग त्याला हळूहळू आठवलं, आणि आठवलं ते पान नव्हतंच. पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा आवाज आठवला. सन पासष्टचा ऑगस्ट, नवी शेड. दत्तोबा नुकताच कामाला लागला होता. चिंचवडच्या शिवारातली त्याची जमीन कारखान्यांसाठी गेली होती आणि नेमकी तिच्यावरच ही शेड उभी होती. पाऊस सुरू झाला की तो छपराकडे पाही, भाकरी तशीच ठेवी. नोकरी सोडणार असं म्हणत असे. त्या दिवशी प्रभाकर बेडकाचा अर्ज वाचून संपवत होता. दत्तोबा डबा बंद करून उठायला लागला. आणि प्रभाकर पुस्तकावरची नजर न काढता पुढे बोलत राहिला. दत्तोबा पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी लोकांनी तेच पुन्हा मागितलं. नंतर पुस्तक गेलं, आणि म्हातारी त्याच्या डोक्यात बेडकाच्या आणि कुंभाराच्या मधे कायमची छापली गेली.

चित्रपटाने केरोपंताला कनवाळू करून बिघडवलं म्हणून तो आठवडाभर तडफडत होता. तेरा वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं?

जेवायला बसल्यावर त्याने पद्माला सांगून टाकलं. पद्माने सगळं ऐकून घेतलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. पत्र तर आता जाणार नाही, ते उघडच होतं, असं ती म्हणाली. पण पत्र नुसतं दडपलं तर त्या सुरेंद्रचं काय?  आधी दत्तोबाला सांगायला हवं, एवढंच प्रभाकरला सुचत होतं. त्याने सायकल काढली.

जमीन गेल्यापासून दत्तोबा रावेतला बायकोच्या माहेरच्या जागेत राहत होता. सासुरवाडीला राहतो हे त्याला खुपत असे, म्हणून शॉपमधलं कुणी त्याच्या घरी जात नसे. प्रभाकर पोचला तेव्हा तो अंगणात बाजेची सुंभं ओढून बसवत होता. तो गडबडीने उठला. सुभद्राबाईंनी गुळाचा चहा दिला आणि तपासनीस घरी आल्याच्या काळजीने त्या दारातच उभ्या राहिल्या. कंपनीचं काही नाही, असं प्रभाकरने आधी सांगितलं. मग मुख्य गोष्ट सांगितली. लांबण लावली नाही.

दत्तोबाने बाजेची गाठ सोडली, पुन्हा मारली. "बुकात न्हाई?"

"नाही."

"सगळं बघितलंसा?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो अर्ज मी रचला होता, दत्तोबा. वाचता वाचता. आणि रचला हेसुद्धा विसरलो होतो."

"माझ्यापायी रचला?"

प्रभाकरने मान डोलावली.

 दत्तोबा बोलला तेव्हा त्याचा आवाज चढला नव्हता. "मला वाटायचं, कुणी लांबचा शिकलेला मानूस हाय. त्यानं आमाला पाह्यलं न्हाई, आमचं रान पाह्यलं न्हाई, तरी त्येच्या ध्येनात आलं. त्याचं मला लई वाटायचं. तुमाला तर म्या रोज समोर दिसत हुतो. तुमी दया केली."

"दया नव्हती," प्रभाकर म्हणाला. 

सुभद्राबाई आत निघून गेल्या. दत्तोबा हळू आवाजात सांगू लागला. नातू साळंत सांगतो की आमच्या आज्याच्या रानाचं बुकात छापलंय. मेव्हण्यांपुढं त्यानं स्वतः दहादा सांगितलंय. या घरात त्याचं म्हणून जे काही होतं त्यात हे एक होतं. "पत्र फाडा," तो म्हणाला. "आन् कुनाला बोलू नगा. तुमच्या-माझ्यात ऱ्हाऊ द्या."

"आणि सुरेंद्र? तो खरं बोलला होता."

"त्येला एकट्याला सांगा की गुपचूप."

"त्याला ते आधीच माहीत आहे, दत्तोबा. माहीत नाही ते बाकीच्यांना."

दत्तोबाने सुंभ दातात धरून ओढलं. "मीबी त्येला आंगठा दावलाय," तो म्हणाला, आणि पुन्हा बाजेकडे वळला. "तुमचं तुमी बघा. मी काय सांगू."

परतीच्या वाटेवर प्रभाकर वाल्हेकरवाडीपाशी उतरून सायकल हातात धरून चालला.  दत्तोबाचं मागणं लहान होतं आणि रास्त होतं. पत्र हरवलं म्हणता येईल. आठ दिवसांत सगळे विसरतील. सुरेंद्रची दुसऱ्या शॉपला बदलीही होईल. तेरा वर्षांचा वाचक म्हणून असलेला आपला मानही राहील, हा विचार त्याच्या मनात आला. आपण इतका वेळ दत्तोबाच्या आड उभे होतो, हे त्याला तेव्हाच कळलं. नातवाच्या तोंडचं एक वाक्य वाचवायचं तर एका माणसाने नोकरीभर अंगठा सोसायचा. आणि हे वाक्य वाचवताना वाचणार होता तो स्वतः.

सहाला पाच मिनिटं कमी असताना त्याने कुसुमताईंच्या हातात पुस्तक दिलं. पान नंबर मिळाला का, असं त्यांनी विचारलं. ‘नाही’ एवढंच सांगून तो घरी आला.

शुक्रवारी अकरा वाजता तो डबा घेऊन गोलात बसला नाही. आधी वजनकाट्यापलीकडे गेला. सुरेंद्र पोळीचा घास हातात घेऊन त्याच्याकडे पाहत राहिला.

"तुमचं बरोबर होतं," प्रभाकर म्हणाला. "अर्ज पुस्तकात नाही. काल मी पाहिलं. मी तुम्हाला बोललो ते चुकीचं होतं. आता सगळ्यांना सांगणार आहे. तुम्ही यायला हवं असं नाही."

सुरेंद्रने घास डब्यात ठेवला. "मी दुसऱ्याच दिवशी पुस्तक आणलं होतं, ओगलेसाहेब," तो म्हणाला. "टेबलाच्या खणात आहे. पण तुम्ही तसं बोलल्यावर दाखवून काय करायचं होतं?" आणि घास पुन्हा उचलत, "सांगा तुम्ही. मी इथेच जेवतो."

गोलात प्रभाकर उभा राहूनच बोलला. म्हातारीचा अर्ज लेखकाचा नाही, माझा आहे. लेखकाच्या नावावर तो खपवायचा हेतू नव्हता, पण खपवला गेला. सुरेंद्र खरं बोलत होते आणि मी त्यांचा अपमान केला, तुमच्याकडूनही करवला. कुणाला पाहून तो अर्ज सुचला हे त्याने सांगितलं नाही. दत्तोबा पलीकडे मान खाली घालून डब्याचं झाकण पुसत होता.

 श्यामने विचारलं, "आणि बेडूक? बेडूक तरी खरा आहे का, राव?"

"बेडूक छापील आहे."

"मग बरं. आपण तर चांगला अर्ज म्हणून ऐकला. कुणी का लिहिला असेना."

काहीजण हसले. सगळे हसले नाहीत. मिलिंगवरचे रंगराव डबा बंद करत म्हणाले की त्यांनी ही गोष्ट पोरीच्या लग्नात व्याह्यांना पुस्तकातली म्हणून सांगितली आहे, आता त्यांना काय तोंड दाखवायचं.  प्रभाकरने खिशातून पत्र काढलं. हे जाणार नाही, म्हणाला, पण सह्या तुमच्या आहेत, त्या मी फाडायच्या नाहीत. ज्याची त्याने खोडावी, आणि खोडताना सुरेंद्रना अंगठा दाखवला असेल तर ते आठवावं.

पेन फिरलं. एकेक रेघ पडत गेली. श्यामने आपली सही खोडली, पेन पुढच्याला दिलं आणि उठून वजनकाट्याकडे गेला. तिथे तो काय बोलला ते इकडे ऐकू आलं नाही, पण लगेच परत आला नाही.

साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली तरी प्रभाकर गेटवर थांबला. दुसऱ्या शिफ्टचे सतराजण आत येत होते. प्रत्येकाला त्याने तेच, त्याच शब्दांत सांगितलं. पाचव्या-सहाव्या माणसानंतर आपण कमी शब्दांत उरकू पाहतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं, आणि सातव्याला त्याने पुन्हा सगळं सांगितलं. दोघांनी खोडायला नकार दिला, आम्ही म्हातारीसाठी सही केली, लेखकासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग सुरेंद्रचं ऐकल्यावर त्यांनीही खोडली. तिसऱ्या शिफ्टची नऊ माणसं शनिवारी सकाळी सातला बाहेर पडली. त्यांना घरी जायची घाई होती. त्यांच्याही सह्या खोडून झाल्या.

कागदावर आता प्रभाकरच्या स्वतःच्या सहीखेरीज दत्तोबाची सही तेवढी उरली होती. प्रभाकर कागद घेऊन त्याच्याकडे गेला नाही. अकरा वाजता दत्तोबाच तपासणीच्या टेबलापाशी आला, सुताच्या चोथ्याने हातांचं तेल पुसलं आणि कागद मागितला. आपलं नाव त्याने आधी वाचलं. मग ज्या सावकाशीने ते लिहिलं होतं त्याच सावकाशीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्यावर रेघ ओढली.

"नातवाला सांगितलं काल," तो म्हणाला. "रडला वाईच." आणि तो गोलाकडे न जाता मशीनकडे परत गेला.

प्रभाकरने मजकुराखालच्या आपल्या सहीवर रेघ मारली, कागद टेबलावर ठेवला आणि पुढच्या लॉटमधला पहिला नग तपासायला घेतला.